यंत्राची भाषा आणि आपल्या मुली

(भिवंडीतल्या स्त्रियांच्या मेळाव्यात इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने केलेलं भाषण. – संपादक)



मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय करणार असं कुणी विचारलं की मी सांगते, 'कंपायलरवर संशोधन करायचंय.' त्यावर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून आधी हे काम काय आहे ते सांगते आणि मग आपल्या मुलींचा त्याच्याशी संबंध काय, ते.

यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतं. माणसाला तसं लिहिणं जमत नाही, म्हणून आपण सीसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. हा दुभाषी डोकंही चालवतो. समजा, हजार वेळा फिरणाऱ्या चक्रात एकच हिशेब लिहिलाय आणि उत्तर दर वेळी तेच येतंय. कंपायलर तो हिशेब चक्राबाहेर काढून एकदाच करतो. एखाद्या कामाचं उत्तर पुढे कुठेच लागत नसेल तर ते काम गाळतो. पण गाळण्याआधी खात्री हवी. त्यासाठी प्रोग्रॅमच्या शेवटापासून उलटं मागे येत प्रत्येक वाट तपासावी लागते. एक वाट राहिली तर सगळं उत्तर चुकतं. याला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात. मला गोडी लागली ती इथे.

तुम्ही म्हणाल, हे बायकांचं काम आहे का? मागापासूनच सुरुवात करू. सोलापुरी चादरीवर नक्षी उठवणारा जॅकार्ड फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाला. कुठला धागा उचलायचा हे त्याला पुठ्ठ्यावरची छिद्रं सांगतात. चार्ल्स बॅबेजने तीच युक्ती आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. त्या यंत्राने एक अवघड गणित पायरी-पायरीने कसं करावं, याची मांडणी १८४३ साली एडा लव्हलेस या बाईने प्रसिद्ध केली.

पुढे १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी पहिला कंपायलर केला. यंत्र स्वतःच प्रोग्रॅम तयार करील यावर कुणी विश्वास ठेवेना. मग त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहायची सोय केली आणि तोच प्रोग्रॅम फ्रेंच व जर्मन शब्दांत चालवून दाखवला. यंत्राला सगळं सारखंच, हे त्यांना दाखवायचं होतं. वरचे साहेब मात्र घाबरले! मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी शब्द यंत्राला लागतात म्हणून आलेले नाहीत. ती कुणीतरी केलेली निवड आहे आणि निवड करणाऱ्यांत आपण असू शकतो.

फ्रान्सिस ॲलन शेतकऱ्याची मुलगी. शिक्षणाचं कर्ज फेडायचं म्हणून १९५७ साली त्या आयबीएममध्ये लागल्या. आज कंपायलर ज्या पद्धतींनी प्रोग्रॅम वेगवान करतात, त्यातल्या अनेकींचा पाया त्यांनी घातला. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. तो मिळालेली पहिली स्त्री म्हणजे ॲलन, २००६ साली. चाळीस वर्षं लागली.

माझी आई कांड्या भरते. तिच्या कांडीशिवाय धोट्यात सूत येत नाही, पण कापड घेणाऱ्याला ती दिसत नाही. १९४६ साली एनिॲक हा संगणक लोकांपुढे आणला, तेव्हा त्याचे प्रोग्रॅम रचणाऱ्या सहा स्त्रियाही अशाच दिसल्या नाहीत.

हे सगळं परदेशातलंच नाही. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे, उदय खेडकर यांनी याच विषयात वर्षानुवर्षं काम केलं. डेटा फ्लो ॲनालिसिसवर २००९ साली निघालेलं पुस्तक खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं आहे. त्यात एक नाव बाईचं आहे.

पण पवईला पोचायच्या आधीच वाट अडते. मला एके ठिकाणी सांगण्यात आलं, 'मुलींनी टेस्टिंगची नोकरी धरावी, हे डोक्याचं काम आहे.' घरी म्हणतात, अजून पाच वर्षं शिकलीस तर लग्न कधी, आणि पैसा कुठून आणायचा?

पैशाचं उत्तर माझ्याकडे आहे. गेट ही परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि मुलींना तिची फी निम्मी आहे. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटीत पीएच.डी.ला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून खुला आहे. तो आतून कसा लिहिलाय, हे कुणीही फुकट वाचू शकतं.

लग्नाचं उत्तर मात्र मी एकटी देऊ शकत नाही. त्यासाठी तुमची साथ हवी. तीन गोष्टी मागते. प्रत्येक वस्तीत मुलींना रात्री बसता येईल अशी, दिवा आणि कॉम्प्युटर असलेली एक खोली असू द्या. शिकणाऱ्या मुलीला दिवसाचे दोन तास स्वैपाक, पाणी आणि कांड्यांतून मोकळं करा, भावाला करता तसं. आणि मुलगी संशोधनाचं नाव काढेल तेव्हा तिच्या घरी आपल्यातल्या दोघीजणी जाऊन विद्यावेतनाचे हे आकडे सांगा. मी सांगितलं तर तो हट्ट ठरतो. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतात.