परसबाग, मांजर आणि श्रावकाचा विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी अहिंसा हा विषय निघणे स्वाभाविकच आहे. परंतु अहिंसेवरील व्याख्यान बहुधा फार उंचीवरून सुरू होते आणि ऐकणाऱ्याच्या घराच्या मागच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपते. म्हणून आजचा विषय त्या मागच्या दारापासूनच घेतला आहे. परसबागेत येणारी शेजारपाजारची मांजरे त्यांना इजा न करता बाहेर कशी ठेवावीत, हा तो विषय. विषय लहान आहे. पण अणुव्रताची परीक्षा अशा लहान प्रसंगांतच होत असते.

सांगलीच्या गावभागातील जुन्या वाड्यांमागे, विश्रामबागेच्या बंगल्यांपुढे, तसेच साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत आजही अनेकांनी हौसेने लहानशी बाग राखली आहे. पूजेसाठी मोगरा, जाई, चाफा. स्वयंपाकासाठी कढीपत्ता, लिंबू, कोथिंबीर, मेथी. गृहिणीने संध्याकाळी वाफा भुसभुशीत करून मेथी पेरावी आणि सकाळी पाहावे, तो वाफा उकरलेला, बी उधळलेले आणि मातीत मांजराची घाण! ज्या हातांनी देवासाठी फुले वेचायची, त्याच हातांना हे आधी उचलावे लागते. कधी खारीची शेपटी, कधी चिमणीची पिसे पडलेली दिसतात. राग येणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. प्रश्न आहे तो रागाच्या पुढच्या पावलाचा.

ते पुढचे पाऊल आपल्या गावांतून काय पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी दगड भिरकावतो, कोणी गरम पाणी टाकतो, कोणी कुंपणाच्या भिंतीवर बाटल्यांच्या काचा बसवतो. आणि कोणी जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची पिले गोणीत भरून नदीकाठी किंवा बाजार आवारात सोडून येतो. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात जीवदयेच्या पेटीत श्रद्धेने रक्कम टाकणारा हातही कधी कधी त्या गोणीचे तोंड बांधतो. ही विसंगती कोणाला दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. 'मारले तर नाही ना, फक्त सोडून आलो,' असे मनाचे समाधान किती सहज होते, तेवढेच दाखवायचे आहे. डोळे न उघडलेले पिलू आईच्या दुधावाचून आणि उबेवाचून फार काळ तग धरीत नाही. गोणी सोडणाऱ्याला त्याचा मृत्यू दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्या परंपरेने या बाबतीत गृहस्थाला मोघम उपदेश केलेला नाही, नेमके मोजमाप दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यांपैकी एकातही प्राण घेण्याचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्राण न घेताही व्रताला डाग लागतो, असा त्याचा अर्थ. कापडाच्या व्यापाऱ्याने ताग्यावर गज ठेवावा, तसे हे पाच अतिचार प्रत्येक उपायावर ठेवून पाहावेत. दगड मारणे हा वध झाला. भिंतीवरील काच हा छेद झाला; मांजराचा पंजा फाटतो तेव्हा ती काच आपणच तेथे लावलेली असते. पिंजऱ्यात पकडून उन्हात तसेच ठेवणे हा बंध झाला आणि पिलांना आईपासून तोडणे हा अन्नपाननिरोध झाला.

दुसऱ्या बाजूनेही शास्त्र सावध करते. मांजरासारखे शिकारी प्राणी पाळणे हे श्रावकाचाराच्या ग्रंथांत अनर्थदंडात गणले आहे. त्यामागील कारण आजचे पशुवैद्यकही मान्य करील. मांजर हा निसर्गतःच मांसाहारी प्राणी आहे. केवळ दूध-पोळीवर त्याचे नीट पोषण होत नाही, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. तेव्हा श्रावकाची वाट अरुंद असली तरी स्पष्ट आहे. मांजर हौसेने पाळू नये आणि द्वेषाने छळूही नये. पाच इंद्रिये आणि मन असलेला तो जीव आपल्या कर्मानुसार जगतो आहे. त्याला आपल्या बागेत येण्याचे कारण उरू देऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.

कारण उरू द्यायचे नसेल तर ते कारण आधी समजून घेतले पाहिजे. मांजर चार गोष्टींसाठी येते : मलविसर्जनासाठी मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती, खायला काही उष्टे-खरकटे, शिकार, आणि निजण्यास वा व्यायला सुरक्षित आडोसा. साताऱ्याच्या पावसात ते कोरड्या ओसरीच्या शोधात असते, तर सांगलीच्या उन्हाळ्यात झाडाखालच्या गारव्याच्या. गोदाम आणि दुकानांच्या परिसरात त्याचे अस्तित्व आपल्यामुळेच असते. हळद, बेदाणा आणि गूळ यांच्या बाजारपेठेत उंदीर येणारच आणि उंदरांमागे मांजर येणारच. कुरतडलेला तागा पाहिलेला व्यापारी दुकानात ज्या मांजराकडे कौतुकाने पाहतो, त्याच मांजराला घरच्या बागेत शत्रू मानतो, यात मांजराचा स्वभाव कोठेच बदललेला नसतो.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू.

पहिला उपाय मातीचा. उकरता न येणारी माती मांजर सोडून देते. नव्या वाफ्यावर एक-दीड इंच भोकांची कोंबडीजाळी आडवी अंथरून, तिच्या कडा खाली दुमडून, वर बोटभर माती पसरावी. रोपे भोकांतून वर येतात, पंजा मात्र चालत नाही. जाळी नसेल तर चार-चार बोटांवर बोथट काटक्या रोवाव्यात. कुंड्यांच्या व मोठ्या झाडांच्या बुंध्याशी गोटे, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात. सैल नायलॉनची जाळी मात्र टाळावी. तिच्यात मांजरच काय, पक्षी आणि सापही अडकून मरतात. मोकळी जमीन दाट लागवडीने झाकली तर निम्मे काम आपोआप होते. ओली माती मांजराला आवडत नाही, म्हणून झाडांना पाणी सकाळऐवजी संध्याकाळी घालावे. पाणी जास्त ओतण्याची गरज नाही. वेळ बदलली तरी पुरते. अप्कायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात हे वेगळे सांगायला नकोच.

दुसरा उपाय आडोशाचा. जिन्याखालची पोकळी, लाकडांची रास, मोडक्या फर्निचरचा कोपरा वेळीच मोकळा करावा किंवा जाळीने बंद करावा. बंद करण्यापूर्वी आत पिले नाहीत ना, याची दोनदा खात्री करून घ्यावी. पिले असतील तर थांबावे. साधारण दोन महिन्यांत ती स्वतः खाऊ-फिरू लागतात. अनेकदा मांजरी त्यापूर्वीच त्यांना दुसरीकडे हलवते. तिने जागा सोडल्यावर कोपरा बंद करावा. दोन महिन्यांचा हा संयम म्हणजे एखाद्या उपवासाइतकेच तप आहे.

तिसरा उपाय अन्नाचा. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असावे, उष्टे उघड्यावर टाकू नये. पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनी ते जमिनीवर न ठेवता उंच आणि मोकळ्या जागी, झुडपांपासून दूर ठेवावे. करुणेने ठेवलेले पाण्याचे भांडे दबा धरून बसलेल्या मांजरासाठी सापळा ठरत असेल, तर त्या चिमणीच्या मृत्यूत आपल्या प्रमादाचाही वाटा आहे. घरातील कोणी एखाद्या मांजराला रोज काही घालत असेल तर ते एकाएकी बंद करू नये. जागा हळूहळू बागेपासून दूर न्यावी आणि वेळ ठरवून टाकावी. शेजारी खाऊ घालत असेल तर त्याच्याशी गोडीने बोलावे. बागेबाहेरच्या एखाद्या कोपऱ्यात कोरडी वाळू टाकून ती रोज साफ केली, तर मांजर तीच जागा पसंत करते, असा अनेकांचा अनुभव आहे.

आरोग्याची बाजूही सांगितली पाहिजे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू पसरू शकतो आणि गर्भवती स्त्रीच्या बाळाला त्यापासून धोका असतो. विष्ठेतील हा जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण त्याच दिवशी उचलणे हीच मोठी खबरदारी. गर्भवतींनी मातीकाम टाळावे, इतरांनी हातमोजे वापरावेत, भाजी नीट धुवावी. मांजराने चावले वा ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीज केवळ कुत्र्यामुळेच होतो, असे नाही.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या कपाटांतून पिढ्यान्पिढ्या असलेली डांबरगोळी कित्येक जण बागेत टाकतात. साड्या कसरीपासून वाचवणारी ही गोळी मांजराच्या पोटात गेली तर विष ठरते, आणि अंगणात खेळणाऱ्या लहान मुलाच्या हाती लागली तरी तितकीच घातक असते. फिनाईलचेही तसेच आहे. मांजराचे यकृत अशा द्रव्यांचा निचरा करू शकत नाही; पंजाला लागलेले ते चाटते आणि तडफडते. तिखटाची पूड डोळ्यांत आणि पंजांत जाऊन दाह करते. रक्त दिसत नसले तरी हा वधच होय. संत्र्या-लिंबाच्या साली पसरायला हरकत नाही. त्यांचा वास काही मांजरांना नकोसा वाटतो. पण तो लवकर उडतो, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये.

कायद्याचेही भान असावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. तथापि श्रावकाने दंडाच्या भयाने दया करावी, हे शोभणारे नाही.

शेवटी एक अवघड प्रश्न. मांजरांची संख्याच वाढत राहिली तर एकेका बागेचे उपाय कोठवर पुरणार? मांजरीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. ती वर्षातून दोन-तीनदाही विते, आणि तिची पिले पाच-सहा महिन्यांची होताच पुन्हा तेच चक्र सुरू होते. त्यातील कित्येक पिले भूक, रोग आणि वाहने यांना बळी पडतात. यावर निर्बीजीकरण हा मार्ग सांगितला जातो. सांगली भागात २००३ पासून प्राण्यांसाठी काम करणारी 'ॲनिमल राहत' ही संस्था आहे आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे जाणत्या पशुवैद्यांचा सल्ला आपल्यापासून दूर नाही. परंतु शस्त्रक्रियेने अवयव काढणे हा छेद नव्हे काय, अशी शंका श्रद्धावान श्रावक घेतो, आणि ती शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एका बाजूला भूल देऊन, वेदना टाळून, पुढील अनेक जीवांची तडफड थांबविण्याचा हेतू आहे. दुसऱ्या बाजूला जीवाच्या देहावर शस्त्र चालवण्याचा संकोच आहे. याचा निर्णय प्रत्येकाने गुरुजनांच्या मार्गदर्शनाने आणि स्वतःच्या परिणामांची शुद्धी पाहून करावा. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्याला शस्त्रक्रिया मान्य नाही, त्याला त्यामुळे गोणी उचलण्याची मुभा मिळत नाही. उलट त्याच्यावर संयमाची जबाबदारी अधिकच येते.

बंधुभगिनींनो, २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णामाई पात्राबाहेर आली, तेव्हा सांगलीच्या गच्च्यांवर माणसांच्या आश्रयाला मांजरेही होती. त्या दिवसांत कोणाची बाग कोणी उकरली, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. संकटात सहज सुचणारी ही दया सुखाच्या दिवसांत, उकरलेल्या वाफ्यासमोर उभे असताना टिकवणे, हेच खरे कठीण.

क्षमापनेच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागतो. त्यांत कुंपणावरून उडी मारून येणारे ते मांजरही आहे. उद्या सकाळी वाफा पुन्हा उकरलेला दिसला, तर दगडाकडे हात जाण्यापूर्वी ते पाच अतिचार आठवावेत आणि जाळीचा एक तुकडा आणून अंथरावा. मेथी पुन्हा पेरता येते. व्रताला लागलेला डाग इतक्या सहज निघत नाही.

जय जिनेंद्र!