हिरड्या, मिसरी आणि मधुमेह

मधुमेह म्हणजे काय आणि इन्सुलिनचे कार्य कोणते, हा भाग शिरूर-दौंडच्या श्रोत्यांना घरोघरच्या ‘शुगर’मुळे इतका परिचित आहे की त्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. विषय आहे तो रुग्णाच्या तोंडाचा. आणि राहू-केडगावच्या गुऱ्हाळांवर किंवा उसावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही, एवढे पुढच्या रांगेतील बागायतदारांच्या समाधानासाठी आरंभीच नमूद केलेले बरे.

दाताच्या मुळाशी साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर त्यावर क्षार बसून कीटण बनते, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि निरोगी अवस्थेत फार तर ३ मिलिमीटर असणारी फट खोल होत जाऊन आतले हाड झिजते. यालाच पेरिओडॉन्टायटिस, बोलीत पायरिया, म्हणतात. प्राणवायूविना वाढणारे पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू या फटीत ठाण मांडतात. त्यांच्याशी झुंजताना शरीर जी दाहकारक द्रव्ये सोडते, ती रक्तावाटे पसरून पेशींचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतात. उलट साखर चढलेली राहिली की हिरडीची जखम भरून येत नाही. हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये या विकाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले, त्यामागे अ‍ॅरिझोनातील पिमा आदिवासींच्या पाहणीचा आधार होता.

त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला, आणि वजनाने कमी भरणाऱ्या नवजात बालकांच्या अंगीही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. बांधा सडपातळ असला तरी आतली चरबी मधुमेहाला वाट करून देऊ शकते, तेव्हा हिरड्या सुजलेल्या रुग्णाचा काटक, सडपातळ बांधा पाहून मधुमेहाची शंकाच न घेणे सयुक्तिक ठरत नाही.

आता मिसरीविषयी, जो खरे तर दोन वाक्यांचा मुद्दा होता. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, चुरून डबीत भरली जाते आणि बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळली जाते. पहाटे ती दात घासण्यासाठी असते, दुपारी खुरपणीच्या विसाव्याला आणि रात्री भांडी आवरल्यावर मात्र ती केवळ तलफ असते. तरीही आरोग्यसेविकेने ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणेच येऊ शकते, कारण मिसरी खाल्ली जात नाही, लावली जाते. (महिलांच्या बाजूने उठलेला हशा या विधानाला पुरेशी पुष्टी देतो.) हिरडीतून रक्त येत नाही, हा मिसरीचा गुण मानला जातो, वास्तविक निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही आणि रोग आत बिनबोभाट वाढतो. दात साफ करून घेतल्यावर हलू लागतात, ही तक्रारही येथे नित्याची आहे. पण कीटणाने जखडून ठेवलेला दात आधीच खिळखिळा झालेला असतो, त्याचा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होय. सभेत दंतवैद्य उपस्थित असल्याने हे म्हटले, असा समज कोणी करून घेऊ नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्याने उपचारांचा भाग आटोपता घेणे भाग आहे. गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी या चाचणीचा आकडा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्के-बिंदूंनी उतरतो, असे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नव्हता, आणि हा मतभेद झाकून ठेवणे योग्य नाही. हिरड्यांचा उपचार हा औषधांना पर्याय नव्हे, जोड आहे. प्रश्न उरतो तो नोंदींचा. याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे केईएमच्या संशोधन केंद्राने २००२ पासून बावीस गावांतील जन्म-मृत्यूंच्या नोंदी घरोघरी जाऊन ठेवल्या. मग प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील मधुमेहाच्या नोंदवहीत हिरड्यांसाठी एक आणि मिसरीसाठी, तंबाखूपासून वेगळा, दुसरा रकाना आखणे अवघड कसे, याचे उत्तर या सभेस उपस्थित असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रश्नोत्तरांत द्यावे.