रिमोट ‘लॉक’ म्हणतो, दार ऐकत नाही : सेंट्रल लॉकिंगची मोटर बदलताना

आजच्या भागात कोड नाही, सर्व्हर नाही, इंटरव्ह्यूची तयारीही नाही. आज गाडीच्या दाराबद्दल बोलायचंय. म्हणजे दाराच्या आत बसलेल्या एका मोटरबद्दल. आकार अक्रोडाएवढा, किंमत मला पडली एकशे चाळीस रुपये, आणि ती बंद पडली की अख्खं दार तुमचं ऐकायचं बंद करतं.

लक्षणं बहुतेकांना माहीत असतील. रिमोटचं बटण दाबलं की चारही दारांतून ‘खट्ट’ असा आवाज यायला हवा. एक दिवस तीनच येतात. चौथ्या दारातून नुसतं ‘घर्र’, नाहीतर काहीच नाही. मग सकाळी चालतं, दुपारी नाही. आपण म्हणतो, होईल आपोआप. होत नाही.

आता यात एवढं काय, हाताने दाबा की खुंटी! बरोबर आहे. पण आमच्या घरी प्रश्न वेगळा होता. आम्ही येवल्याचे, घरात माग आहेत, आणि अण्णा पैठण्या घेऊन कोपरगाव, शिर्डी, नाशिकच्या दुकानांत जातात. मागच्या सीटवर गाठोडं असतं. एकेक साडी विणायला महिने गेलेले असतात, आणि तिचे पैसे दुकानदाराने उचलेपर्यंत आपलेच गुंतलेले असतात. विंचूर चौफुलीला चहाला थांबले, रिमोट दाबला, इंडिकेटर लुकलुकले, अण्णा निवांत. परत आले, डावीकडचं मागचं दार सहज ओढून पाहिलं तर उघडं. गेलं काही नाही, पण त्या रात्री त्यांना झोप नाही.

इथे मला सॉफ्टवेअरवाला म्हणून एक गोष्ट खटकते, ती सांगतोच. इंडिकेटर लुकलुकले म्हणजे काय? आपल्याला वाटतं, ‘दारं बंद झाली’. बऱ्याच जुन्या, साध्या गाड्यांत त्याचा अर्थ एवढाच असतो की ‘दारं बंद करा असा हुकूम मी सोडला’. हुकूम पाळला गेला का, हे मागच्या दारांकडून कोणी विचारतच नाही. बाजारात बसवून मिळणाऱ्या सेंट्रल लॉकिंगच्या किटमध्ये तर हे उघड दिसतं. ड्रायव्हरच्या दारातल्या अ‍ॅक्च्युएटरला पाच वायरी असतात, बाकीच्यांना दोनच. पाचपैकी दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या, म्हणजे ते दार आपली अवस्था कळवू शकतं. दोन वायरीवालं दार मुकं. त्याला ऐकू येतं, बोलता येत नाही. आमच्या ऑफिसात कोणी अशी सिस्टिम लिहिली असती तर रिव्ह्यूत परत पाठवली असती. असो.

तर हे यंत्र चालतं कसं? अगदी साधं आहे. बारा व्होल्टची छोटी डीसी मोटर. सुलट करंट दिला की एका बाजूला फिरते, उलट दिला की दुसऱ्या बाजूला. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला बारका गिअर बसवलेला असतो, त्याला वर्म म्हणतात. तो एका मोठ्या प्लास्टिकच्या चाकाला फिरवतो आणि ते चाक पुढे एक दांडी किंवा पट्टी सरकवतं. मोटर हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरते पण तिच्यात जोर नसतो. वर्म वेग घेतो आणि त्या बदल्यात जोर देतो. संक्रांतीला आसारी फिरवलेल्या माणसाला वेग आणि ओढ यांचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. करंट मिळतो तो सेकंदापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात काम झालं पाहिजे. नवी मोटर तेवढ्यात करते, थकलेली अर्ध्यावर राहते.

थकते म्हणजे काय, हे मी जुनी मोटर कापून बघितलं. आत काळी भुकटी. ब्रश झिजून झिजून त्याची पूड कम्युटेटरच्या खाचांत भरलेली, आणि कम्युटेटरवर स्पष्ट चर पडलेला. अशा मोटरला करंट मिळतो पण पुरेसा आत पोचत नाही. त्यात दुपारचं ऊन. तांब्याचा विरोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. उन्हात उभ्या गाडीचं दार आतून पन्नास अंश जास्त तापलं, तर विरोध वीस टक्के वाढला. धडधाकट मोटरला फरक पडत नाही, जी आधीच काठावर आहे ती बसते. सकाळी चालतं, दुपारी नाही, त्याचं कारण हे. थंडीत उलटं होतं, तेव्हा जुनं ग्रीस घट्ट होऊन गिअर अडवतं.

पण मंडळी, मोटरला दोष द्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, दार आणि बॉडी यांच्या मधे बिजागरीपाशी जो रबरी नळीसारखा भाग असतो, त्यातून वायरी जातात. दार प्रत्येक वेळी उघडताना त्या वाकतात. दहा वर्षांत आतली तार तुटते आणि वरचं कव्हर शाबूत दिसतं. त्याच दाराची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर संशय तिकडे घ्या. दुसरी गोष्ट, अ‍ॅक्च्युएटरच्या प्लगपर्यंत करंट येतोय का. इथे डिजिटल मल्टिमीटर फसवतो. झटका इतका छोटा असतो की आकडा स्थिर व्हायच्या आत तो संपतो, आणि माणूस म्हणतो व्होल्टेज नाही. त्यापेक्षा वायरमनकडचा जुना टेस्टर बरा, बारा व्होल्टच्या बल्बचा. प्लगच्या दोन पिनांना लावा, दुसऱ्याला रिमोट दाबायला सांगा. बल्ब लख्खकन चमकला की वायरिंग ठीक, रोग पुढे आहे.

आमचा बल्ब चमकला.

मग नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं. उत्तर अपेक्षित होतं : ‘मोटर सुटी मिळत नाही, अख्खं लॉक असेंब्ली बदलावं लागेल.’ मजुरी धरून अठ्ठेचाळीसशे रुपये, आणि पार्ट मागवायला दहा-बारा दिवस. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांना काम केल्याची हमी द्यायची असते, आणि मेकॅनिकचे दोन तास एका मोटरवर घालवणं त्यांना परवडत नाही. पण आपल्याला परवडतं ना! केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू केलं, आणि त्यात मोबाइल, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. तरी आतली मोटर कोणत्या मापाची, हे अजून आपलं आपल्यालाच मोजून काढावं लागतं.

ते माप बऱ्याच गाड्यांत ‘२८०’ असतं. माबुची नावाची जपानी कंपनी आहे, खेळण्यांच्या मोटरी बनवत मोठी झाली, तिच्या मॉडेल क्रमांकावरून हा आकडा बाजारात रुळलाय. गोल डबी, दोन बाजू चपट्या, व्यास सुमारे २४ मिलिमीटर, दांडा २ मिलिमीटर जाड. पण नुसतं ‘२८० द्या’ म्हणू नका. त्याच मापात सहा व्होल्टच्याही येतात, आखूड दांड्याच्याही, आणि वेग कमीजास्त असलेल्याही. जुनी मोटर समोर ठेवून चार गोष्टी जुळवा : व्होल्टेज, दांड्याची लांबी, दांडा पूर्ण गोल आहे की एका बाजूने तासलेला, आणि मागच्या टर्मिनलची जागा. मी ऑनलाइन मागवली. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड आहेच.

आता प्रत्यक्ष काम. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ज्या गाड्यांना बाजूच्या एअरबॅग आहेत त्यांच्या दारात कधी कधी एअरबॅगचा सेन्सरही असतो, त्यामुळे अशी गाडी असेल तर हे काम माहितगारालाच करू द्या. मग डोअर पॅड. हँडलच्या मागे आणि हात टेकायच्या खाचेत स्क्रू लपवलेले असतात, ते काढल्यावर कडेच्या प्लास्टिक क्लिपा. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. एखादी क्लिप तुटतेच, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा नाही. काचेवरून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, ते तसंच ठरलेलं आहे, आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो कागद ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. गॅरेजमध्ये बरेचदा फाडून फेकतात आणि पुढच्या पावसाळ्यात पायाखालचं मॅटिंग ओलं का, म्हणून आपण डोकं खाजवत बसतो. हळू सोडवा, परत लावायचाय.

अ‍ॅक्च्युएटर बाहेर काढल्यावर बघा, तो लॅचला स्क्रूने जोडलेला वेगळा डबा आहे की दोन्ही एकच. लॅच म्हणजे दार पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. त्याला हात लावायचा नाही, त्याची स्प्रिंग काढायची नाही, त्याचं रिव्हेट ठोकायचं नाही. अपघातात दार बंद ठेवणारी गोष्ट ती आहे. जबडाच झिजला असेल तर निमूटपणे नवं असेंब्ली घ्या, तिथे काटकसर नको. आपल्याला फक्त प्लास्टिकच्या डबीत काम आहे.

डबीचे स्क्रू काढा, कडेने पातळ ब्लेड फिरवा. उघडायच्या आधी आणि उघडल्या उघडल्या फोटो काढा. मोटर नुसती खाचेत बसवलेली असते, टर्मिनल पितळी पट्ट्यांना टेकतात, डाग द्यायची गरज सहसा पडत नाही. मात्र मोटरच्या मागे कोणतं टर्मिनल प्लस आहे ते पाहून ठेवा. उलटी बसली तर गंमत होते : तीन दारं बंद होतात तेव्हा चौथं उघडतं.

खरा कस लागतो तो वर्म काढताना. तो दांड्यावर घट्ट ठोकून बसवलेला असतो. आधी मोटरच्या तोंडापासून वर्मपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग छोट्या पुलरने सरळ ओढा. नव्या मोटरवर बसवताना हातोडी वापरू नका. हातोडीचा दणका दांड्यातून मागच्या झाकणावर जातो आणि ते सुटतं. व्हाइसमध्ये धरून, दांड्याच्या मागच्या टोकाला टेकू देऊन, हळूहळू दाबत न्या. मोजलेल्या अंतरावर थांबा. वर्म मिलिमीटरभर इकडेतिकडे झाला तरी चाकाचे दाते अर्धेच पकडतात.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा प्लास्टिकला चालणारं, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस थापू नका. आमच्याकडे मनमाड रोडच्या धुळीत ग्रीस जास्त झालं की सहा महिन्यांत त्याची लेई होते.

एक जागा मात्र माझ्या हाताबाहेरची निघाली. चाकाला मधोमध परत आणणारी केसासारखी बारीक स्प्रिंग होती, तिचं टोक खाचेत अडकवायचं होतं, आणि माझी बोटं कीबोर्डची. आमची आत्या शेजारी बसली होती. ती सांधणी करते. म्हणजे मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडायचा, असे हजारो. तिने विचारलं, “कुठं अडकवायचंय रे?” मी दाखवलं. चिमटा बाजूला सारला, चष्मा वर केला आणि नखाने टोक बसवलं. “एवढंच?” म्हणाली आणि उठून गेली.

डबी बंद केल्यावर, पॅड लावायच्या आधी, दार उघडं ठेवूनच चाचणी घ्या. बॅटरीची वायर जोडा, किल्ली खिशात ठेवा. लॅचचा जबडा स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद करा, म्हणजे लॉकला वाटेल दार लागलंय. मग रिमोटवर वीस-पंचवीस वेळा लॉक-अनलॉक, दर वेळी थोडं थांबून. झालं की हँडल ओढून जबडा उघडा, आणि मगच दार लावा. बंद जबड्यावर दार आपटलं तर लॅचची वाट लागेल. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाडी उन्हात दोन तास उभी करून परत घ्या.

आमचं सगळं मिळून साडेतीन तास लागले, त्यात पाऊण तास डोअर पॅडचाच. कागद परत चिकटवायच्या आधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने साफ केली. धूळ आणि पाणी मिळून तिथे अक्षरशः चिखल वाळलेला होता. पाणी तुंबत होतं, आत दमट राहत होतं. उरलेल्या तिन्ही दारांची भोकंही त्याच तारेने मोकळी केली. अण्णा अजूनही रिमोट दाबल्यावर डावीकडचं मागचं दार एकदा ओढून बघतात. मी त्यांना थांबवत नाही, दोन वायरींचंच दार आहे ते.

पुढच्या भागात मागाच्या डिझाइनच्या ग्राफ कागदाचं सॉफ्टवेअर करायचा एक प्रयत्न चालू आहे, त्याबद्दल बोलू. येतो.