शकुंतलेची वाट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मालेगावात रेल्वे नाही. आपली गाडी म्हणजे जऊळक्याची, अकोला-पूर्णा मार्गावरची. ती मीटरगेजची ब्रॉडगेज झाली आणि टिकली. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतलेचं मात्र तसं झालं नाही.

यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर, मिळून सुमारे 190 किलोमीटर. रूळ अडीच फुटांचे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, पुढे बोटीनं मँचेस्टर. गंमत म्हणजे तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. ते 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन 1951 नंतरही खासगीच राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं, मालकी कंपनीची. अशा भागीदारीत रुळांना कोण वाली असणार?

आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेज करा, ही लोकांची मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. पण तोवर त्या पट्ट्याचं काय? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही 51 किलोमीटरची बंद लाइन 1960 च्या दशकात सायकलवाट झाली. वाटेत तीन बोगदे आहेत. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून अशा वाटा जवळपास सपाट असतात. आपल्या वयाच्या गुडघ्यांना एकदम सोयीच्या!

त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे. 1983 मध्ये तिथे कायदाच झाला: बंद लाइनची जमीन अखंड ठेवायची, तोवर लोकांनी तिथे चालावं, सायकल चालवावी आणि उद्या गरज पडली तर पुन्हा रूळ टाकावेत. म्हणजे वाट मागणारा आणि गाडी मागणारा यांचं भांडणच नको. कारण पट्टा अखंड आहे तोवरच त्याला किंमत. मध्ये चार ठिकाणी शेड उभे राहिले की ना गाडी, ना वाट. उरतात नुसते तुकडे, आणि ते जोडायला पुन्हा भूसंपादन, पुन्हा कोर्टकचेरी.

कारंजा ते मूर्तिजापूर एवढा टप्पा जरी आधी मोजून, खुणा करून राखला तरी सुरुवात होईल. आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, इंजिनिअर आहेत, महसुलात नोकरी केलेलेही आहेत. जेवणानंतर मी मांडवाच्या डाव्या बाजूला बसतोय, नकाशा सोबत आणलाय.