गाव बघावं मे महिन्यात



‘राहायला बरं कोणतं, नंदुरबार की शहादा?’ असा विषय मला मिळाला आहे आणि बोलायला मोजून दहा मिनिटं. वाद तसा घरोघरचा आहे. गुरुजी निवृत्त झाले, ग्रामसेवक भाऊसाहेबांचा फंड हातात आला, किंवा धडगावकडच्या एखाद्या कुटुंबाने पोरांच्या शिक्षणासाठी सातपुड्यातून खाली उतरायचं ठरवलं, की हा वाद सुरू झालाच म्हणून समजा. नंदुरबारचे म्हणतात, आमच्याकडे रेल्वे. शहाद्याचे म्हणतात, आमच्याकडे जमीन. दोघांचंही खरं आहे. पण माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी चहा टाकायला उठलं तरी ते हुकायला नको. गाव कोणतंही निवडा, पण ते मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता बघून निवडा.

हसू नका. आपल्याकडे लोक घर बघतात केव्हा? दिवाळी आटोपल्यावर. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं, घोडेबाजार बघायचा आणि तसंच पुढे शहाद्याला जाऊन प्लॉट बघायचा. हवा गार, विहिरींना पाणी, उसाची तोड चालू, सगळीकडे हिरवं. नाहीतर नंदुरबारला यायचं. मिरचीच्या पथाऱ्या लालभडक, बाजार तेजीत, ठसका लागला तरी गोड वाटतो. त्या हवेत कोणतं गाव वाईट दिसेल? तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळे होतात आणि एप्रिलमध्ये राहायला आले की आभाळाकडे बघतात.

बरं, दोन्ही गावांची बाजू मांडते. नंदुरबार हे १ जुलै १९९८ पासून जिल्ह्याचं गाव. त्याआधी जिल्हा कचेरीच्या प्रत्येक कामासाठी धुळं गाठावं लागे, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. आज कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, सगळं इथे आहे. २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमुळे सुरत तर अंगणात आल्यासारखी. लग्नाचा बस्ता सुरतेला, मोठा डॉक्टर सुरतेला, पोराची नोकरीही बऱ्याचदा सुरतेलाच. शिवाय स्वातंत्र्यलढ्यात ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती जिथे गोळ्या झेलून पडले ते हे गाव. त्याचा अभिमान नंदुरबारच्या पोरासोरांनाही आहे, आणि असायलाच हवा. पण भाऊ, अभिमानाने बादली भरत नाही.

शहाद्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठा. पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आहे आणि भोवताली केळी, पपई, ऊस, कापूस. पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला सातपुडा-तापी परिसर साखर कारखाना पुरुषोत्तमनगरला, आणि गावात साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजं. प्रकाशा जवळ, तोरणमाळला जायचा रस्ताही इथूनच. गाव आटोपशीर आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार लाखाच्या वर गेलं, शहादा साठ हजारांच्या आसपास होतं. शहाद्याच्या माणसाला गावात कुठे जायचं तर अजूनही रिक्षाची आठवण होत नाही. ही मोठी सोय आहे, तिच्याबद्दल आणखी बोलायचं होतं, पण मिनिटं जातायत.

आता माझ्या मुद्द्यावर येते. बाजारातून माठ आणताना तुम्ही काय करता? टिचकी मारून आवाज ऐकता. खणखणीत वाजला की पैसे देता. पण माठ चांगला की वाईट हे टिचकीत कळत नाही. तो घरी आणून पाण्याने भरावा लागतो, रात्रभर तिवईवर ठेवावा लागतो. सकाळी अंगावर ओल आली असेल, पाणी गार झालं असेल, तर तो माठ. गळून खाली थारोळं झालं असेल तर त्यात तुळस लावा. दिवाळीनंतर गाव बघणं म्हणजे नुसती टिचकी मारणं. मे महिना आला की माठ भरला.

आणि माठ गार करतो तो कशाने? त्याच्या अंगाला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाताना आतली धग घेऊन जातं. हौसेने बाहेरून ऑइलपेंट मारला तर माठ दिसतो झकास, पाणी मात्र कोमट. आपल्या नव्या कॉलन्यांचं नेमकं हेच झालंय, नंदुरबारच्याही आणि शहाद्याच्याही. सिमेंटचा रस्ता, त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक, ते थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, आणि आत अंगणातही फरशी. लिंबाचं झाड का तोडलं? तर पाला पडतो म्हणून! मातीचा श्वासच बंद केला. पावसाचं पाणी मुरत नाही, रात्री बारा वाजले तरी स्लॅब तापलेला, आणि बोअर दर दोन-चार वर्षांनी आणखी खोल. आपल्या आजोबांचं धाब्याचं घर आठवा. जाड भिंती, वर मातीचं छप्पर, दुपारी आत शिरलं की डोळ्यांना गारवा लागायचा. ते धाबं म्हणजे बिनरंगाचा माठ होता. मी काही सगळ्यांना धाब्यात राहा म्हणत नाही, पण...

असो. पाण्याचं बोलते. नंदुरबारला पाणी येतं ते मुख्यतः शिवण नदीवरच्या विरचक धरणातून. पाऊस बरा झाला तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात नळाचे दिवस मोजत बसायचं. शहाद्याचे लोक म्हणतील, आमच्याकडे गोमाई आहे, तापी हाकेवर आहे, प्रकाशा आणि सारंगखेड्याला बंधारे आहेत. आहेत ना! पण त्याच तापीकाठच्या उपसा सिंचन योजना कितीतरी वर्षं बंद पडून होत्या. समोर पाणी आणि शेत कोरडं. नदी जवळ असणं वेगळं आणि नळाला पाणी असणं वेगळं. म्हणून म्हणते, नकाशावरची नदी बघू नका, मे महिन्यातली बादली बघा.

आपली पोरं आता अमेरिकेत जाऊन राहतात, तिथेही हाच हिशोब. फिनिक्स शहर वाळवंटातलं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा आपल्या मापाने, म्हणजे सेल्सियसमध्ये, ४३ अंशांवर किंवा त्याहून वर होता. पण तिथलं घर गरमी गृहीत धरूनच बांधतात आणि कोलोरॅडो नदीचं पाणी शेकडो किलोमीटरच्या कालव्याने आणलंय. पोर्टलँड मात्र गार, पावसाळी, झाडांचं. कुणीही म्हणेल, राहावं तर इथे. २०२१ च्या जून अखेरीस तिथे पारा ४६ च्या वर गेला आणि कितीतरी म्हातारी माणसं आपल्याच घरात दगावली, कारण घरं बांधली होती थंडीसाठी. म्हणजे गाव गरम आहे की गार, एवढ्यावर भागत नाही. सगळ्यात वाईट दिवस आला तर ते गाव काय करतं, हे बघायचं. पोर्टलँडचा वाईट दिवस कधीमधी येतो. आपला दरवर्षी ठरल्या वेळी येतो. एवढी सोय असूनही आपण बघायला जात नाही!

आणि जाल तेव्हा घरातल्या बाईला सोबत न्या. प्लॉट बघायला पुरुष जातात. रस्ता किती फुटी, दर काय, सातबारा कुणाच्या नावावर, एन.ए. झालंय का, सगळं विचारतात. पाणी किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, हे कुणी विचारत नाही. कारण ते भरायला पहाटे उठायचं असतं दुसऱ्याच कुणाला. त्या कॉलनीत जा, ओट्यावर बसलेल्या चार जणींना विचारा. टँकर कधी बोलावला? बोअर कितीला लागलं? दुपारी मुलं खेळतात कुठे? एजंट जे अर्ध्या तासात सांगणार नाही ते त्या दोन मिनिटांत सांगतील, वर पाणीही पाजतील. ते पाणी गार आहे का, तेही बघून घ्या.

मग नंदुरबार की शहादा? स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली, एकच मिनिट उरलंय. दवाखाना आणि रेल्वे ज्यांना वरचेवर लागते त्यांनी नंदुरबारचा विचार करावा. शेतीशी नातं ठेवायचंय आणि पायी फिरायचंय त्यांनी शहाद्याचा. नवापूरचं राहिलंच. तिथे पाऊस आपल्यापेक्षा जास्त, रेल्वेही आहे, आणि स्टेशन तर अर्धं गुजरातेत. ते पुन्हा कधीतरी. तोवर एवढं कराच. प्लॉट पसंत पडला असेल तर पडू द्या, मालकाला गोड बोला, चहा प्या, पण टोकनचे पैसे मे महिना संपेपर्यंत खिशातच ठेवा. मालक म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. त्यालाही सांगा, मे महिन्यात ये म्हणून.