सायकल आणि घाट

पसरणीचा घाट मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण तो एस.टी.च्या खिडकीतून. एस.टी.त बसले म्हणजे घाट चढण्याचे काम इंजिन करते, काळजी ड्रायव्हर करतो आणि आपण खाली दिसणाऱ्या कृष्णाकाठाचे कौतुक करतो. घाट म्हणजे वळणे, वारा आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला होणारी उलटी, एवढीच माझी व्याख्या होती. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ती मला दुरुस्त करावी लागली. ती कशी, ते तुम्हांला सांगतो. त्यात एक कबुलीही आहे. पण ती शेवटी.

आधी घाटाची ओळख करून देतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. मधले अंतर साधारण १२ किलोमीटर. म्हणजे एवढ्या वाटेत माणूस ५७० मीटर वर चढतो. तीन मीटरांचा एक मजला धरला, तर हे १९० मजले झाले! सरासरी काढली तर शंभर मीटरला पाच मीटर चढ. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. शाहीर साबळ्यांचे जन्मगाव जे पसरणी, तिथपर्यंतचा रस्ता तसा सोपा. खरा हिशेब घाट पुढे वसूल करतो.

हे सारे मला नंतर कळले. आधी कळले असते, तर प्राध्यापकांच्या खोलीत मी ती प्रतिज्ञा केलीच नसती. बोलता बोलता कोणी तरी म्हणाले, "सर, आता आपली वयं झाली." झाले! मी म्हणालो, "या रविवारी सायकलीने पाचगणीला जातो आणि चहा पिऊन परत येतो." संध्याकाळपर्यंत ही बातमी विद्यार्थ्यांपर्यंत गेली.

रविवारी सकाळी मी माझी कॉलेजच्या दिवसांतली काळी, दणकट सायकल बाहेर काढली. रस्त्यात दोनचार विद्यार्थी उभे होते. त्यांनी हात हलवले, आणि मी विशीतला असल्यासारखा पायडल मारू लागलो. पसरणी मागे पडली आणि चढ लागला. पहिल्या वळणावर मी सीटवरून उठलो, दुसऱ्या वळणावर तोंडाने श्वास घेऊ लागलो, आणि त्यापुढे कानशिले अशी उडू लागली की मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगादेखील दूरच्या गावातून आल्यासारखा वाटला. पायांचे खांब झाले. मी उतरलो आणि कठड्यावर बसलो.

तेवढ्यात खालून एक म्हातारेबुवा आले. सायकलीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या होत्या. ते सायकल चालवीत नव्हते, हातात धरून ढकलीत होते. पण पाऊल कसे एका लयीत पडत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, दम खावा वाईच. घाट कुठं पळून चाललाय व्हय?" आणि न थांबता वळणाआड गेलेसुद्धा. पायी जाणारा माणूस सायकलवाल्याला मागे टाकून गेला! मी सायकल वळवली आणि घरी आलो.

सोमवारी साऱ्यांनी विचारले, "काय सर, चहा कसा होता?"

"कसला चहा!" मी म्हणालो. "अर्ध्या वाटेत पंक्चर झाली."

दुपारी आमच्या शिपायाने माझ्या टेबलावर एक डबी आणून ठेवली. तीत रबराची ठिगळे, घासपेपर आणि सोल्यूशनची ट्यूब. "पुढल्या खेपेला जवळ असू द्या, सर," तो म्हणाला. त्यानंतरचा माझा तास आगरकरांवर होता. त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी मी गेली कित्येक वर्षे बोलत आलो आहे. त्या दिवशी मात्र जीभ अडखळली.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी पंक्चरचा विषय काढला नाही. त्यांनी माझ्या सायकलीचे दाते मोजले. पुढच्या चक्राला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. "म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे जवळजवळ अडीच फेरे," ते म्हणाले. "सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. पाच टक्के चढावर तुम्ही स्वतःला आणि सायकलीला, म्हणजे ८५ किलोंना, दर फेऱ्याला सुमारे २७ सेंटिमीटर उचलता. आता गिअरच्या सायकलीवर पुढे २८ आणि मागे २८ दाते घ्या. एका फेऱ्याला दोन मीटरच पुढे जाल, पण उचलायचे सुमारे १० सेंटिमीटर. चढायचे तेवढेच, फक्त घास लहान."

हे तत्त्व सायकलींच्या जगालासुद्धा सहजासहजी पचले नाही. फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९१० साली ती पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीवरून गेली. त्या काळच्या स्वारांना चढ आला की खाली उतरून मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचे चक्र असे. शर्यतीचे चालक हेन्री देग्रांज यांना गिअर मुळीच मान्य नव्हता. तो पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, असे त्यांचे मत होते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा गिअर त्या शर्यतीत आला तो १९३७ साली. मी शेहेचाळीस वर्षांचा. तेव्हा खुद्द देग्रांजसाहेबांच्या नियमानेही मला गिअरची मुभा होती!

मी एक जुनी गिअरची सायकल विकत घेतली. डॉक्टरांकडून छाती तपासून घेतली. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने हे आधी करावे. मग तीन महिने रोज पहाटे पसरणीपर्यंत आणि पुढे एक वळण, मग दोन वळणे, असा सराव केला. या वेळी कोणाला काही सांगितले नाही. या सरावात एक गोष्ट शिकलो, ती तुमच्याही उपयोगी पडेल. चढावर असा वेग धरावा की शेजारी कोणी असता तर त्याच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले असते. वाक्य मध्येच तुटू लागले की गिअर हलका करावा. दम लागल्यावर वेग कमी करून भागत नाही. दम लागण्याआधीच कमी करावा लागतो.

जानेवारीतल्या एका पहाटे निघालो. थंडीने बोटे बधिर झाली होती. तो कठडा आला. वाटले होते, इथे छाती धडधडेल. पण पाय आपल्या लयीत फिरत होते. पुढे एका वळणावर मुद्दाम उतरलो, पाणी प्यालो, गुळाचा खडा तोंडात टाकला. खाली वाईची घरे धुक्यात बुडाली होती आणि पलीकडे धोम धरणाचे पाणी उजळू लागले होते. हेच दृश्य मी एस.टी.तून शंभरदा पाहिले असेल. पण एवढा वेळ थांबून कधी पाहिले नव्हते. शेवटच्या चढावर मात्र मांड्या पेटल्या. तेव्हा पाचगणीचा विचार सोडला आणि फक्त पुढचा विजेचा खांब पाहिला. तो आला की त्याच्या पुढचा.

एक तास चाळीस मिनिटांनी पाचगणीच्या बाजारात पोचलो. स्वागताला कोणी नव्हते. चहावाल्याने विचारले, "साखर कमी?" मी म्हणालो, "जास्त घाला."

उतरताना चढण्याहून अधिक जपावे लागते. ब्रेक सतत आवळून धरू नयेत, चाकाची कड तापते. वळणाआधीच वेग आवरावा आणि मग वळावे. अर्ध्या घाटात ते दूधवाले बुवा वर येताना भेटले. मी हात केला. त्यांनी मान हलवली, पण पाऊल थांबवले नाही.

आता ती कबुली. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत मी सर्वांसमोर सांगितले, की काल पाचगणीला जाऊन आलो. आणि त्या पहिल्या रविवारी पंक्चर झाली नव्हती, मी दमलो होतो. घाट चढण्यापेक्षा हे वाक्य जड गेले. पण ते बोलल्यावर जो हलकेपणा आला, तो पाचगणीच्या चहातही नव्हता. म्हणून सांगतो, घाटात उतरून सायकल ढकलावी लागली, तर खुशाल ढकला. खाली येऊन पंक्चर मात्र सांगू नका.

ठिगळांची ती डबी मी शिपायाला परत करू लागलो. तो हसून म्हणाला, "ठेवा, सर. कधी तरी खरंच होईल."