धरावं काय, सोडावं काय
(आकाशवाणीवरील भाषण)



सुखानं कसं जगावं आणि आयुष्यात यश कसं मिळवावं, या विषयावर चार शब्द बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं पिंगुळी गाव आलं. कुडाळ स्टेशनवर उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात आपण तिथं पोचतो. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना अनेकांनी ते ओलांडलेलं असतं. राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. पण मला आज तुम्हाला न्यायचं आहे ते पिंगुळीतल्या गुढीपूरला, ठाकर समाजाच्या वाडीत.

चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ. एका छोट्याशा वाडीनं किती कला सांभाळाव्यात! त्यातली चित्रकथी तर फार जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे कुणीतरी हातात चित्र धरून लोकांना गोष्ट सांगत होतं.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कथेकरी मांडी घालून बसतो. समोर पाटावर चित्रांची पोथी उभी. एकेक पान साधारण वहीच्या दुप्पट आकाराचं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की मागचं चित्र पुढे येतं. सुरुवात गणपती आणि सरस्वतीच्या चित्रानं. मग रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान. चेहरे बाजूनं काढलेले, डोळे मोठे, अंगावर दागिने आणि वस्त्रांवर बारीक नक्षी. लढाईचं चित्र असलं तर बाणांनी सगळं पान भरलेलं. साथीला हुडूक आणि टाळ. पाठीमागची मंडळी ध्रुपद धरतात, कथेकरी गातो, थांबतो, अर्थ सांगतो, बोटानं चित्रातला माणूस दाखवतो. चित्रात जे काढलेलं नाही, तेही त्याच्या आवाजातून दिसू लागतं. सीता पर्णकुटीच्या दारात उभी आहे एवढंच कागदावर असतं. तिच्या मनातली घालमेल त्या आवाजात असते.

यातली सगळी गाणी आणि कथन तोंडपाठ. बापाकडून मुलाकडे आलेलं. मुलगा लहानपणी टाळ धरून मागे बसतो. बसता बसता त्याच्या कानावर पडत जातं. कुणी त्याला वेगळं शिकवायला बसत नाही. वर्षं जातात आणि एक दिवस पाटासमोरची जागा त्याची होते.

आता मी ज्यासाठी पिंगुळीचं नाव घेतलं ते सांगतो. पोथीची पानं हाताळून हाताळून झिजतात. कोकणातली दमट हवा, पावसाळ्यातली बुरशी, वाळवी. कोपरे फाटतात, रंग उडतो. अशी पोथी वापरायोग्य राहिली नाही की जुनी माणसं तिची पूजा करून तिचं पाण्यात विसर्जन करत. देवादिकांची चित्रं, ती उकिरड्यावर कशी टाकणार? पाण्यात सोडायची आणि नवी करायला घ्यायची. ज्या पानांवर आज्यानं रात्र रात्र जागून रेषा ओढली, ती पानं नातवानं हात जोडून पाण्यात सोडायची. मला या कृतीत फार मोठं शहाणपण दिसतं. वस्तू गेली तरी कथा गळ्यात आहे, रेषा हातात आहे, हा भरवसा त्यामागे आहे. ज्याला हा भरवसा असतो, तो वस्तूला कवटाळून बसत नाही.

पण काळ बदलला. देवळात रात्रभर चालणाऱ्या या कथांच्या जागराला येणारी माणसं घटली. सिनेमा आला, टीव्ही आला. मुलं मुंबईला गेली, तिकडेच स्थिरावली. पाण्यात सोडलेल्या पोथीच्या जागी नवी पोथी करणारे हात कमी होऊ लागले. चित्रकथीची जुनी पानं गावोगावहून संग्राहकांकडे गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं आहेत. ती तिथं जपली गेली याचा मला आनंद आहे. पण ज्या वाडीत ती कथा गायली जात होती, तिथंच बघायला काही उरणार नाही, अशी वेळ जवळ येत होती.

अशा वेळी गुढीपूरच्याच परशुराम विश्राम गंगावणे यांनी ठरवलं, की आता सोडायचं नाही, राखायचं. त्यांनी घरच्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं एकत्र केली. ती ठेवायला जागा कुठली? पैसा कुठला? घराला लागून गुरांचा गोठा होता. त्यांनी गोठ्यातली गुरं काढली आणि तिथं संग्रहालय उभं केलं. २००६ साली ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ सुरू झालं. कोकणातल्या शेतकरी घरात गोठा रिकामा करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दूध जातं, शेण जातं, नांगराचे बैल जातात. घरातल्या बाईमाणसानं त्या दिवसांत किती काटकसर केली असेल! तरीही केलं. पुढे २०२१ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. आज त्यांची मुलं हेच काम पुढे नेत आहेत.

पूर्वजांनी पोथी पाण्यात सोडली आणि वंशजानं ती राखली. दोघेही शहाणेच. पूर्वज सोडू शकले, कारण नवी पोथी करणारे हात घरोघर होते. वंशजानं राखली, कारण ते हात कमी झाले होते. आपण मात्र बहुतेक वेळा उलट करतो. जे सहज पुन्हा मिळेल ते मुठीत घट्ट धरतो आणि जे एकदा गेलं की परत यायचं नाही ते हातातून सुटू देतो. दारातली गाडी, घराचं रंगकाम, दुकानातली फुटलेली काच, या गोष्टींसाठी आपण माणसांवर ओरडतो. आजीला एखादी ओवी येते, आत्याला कवळ्याच्या भाजीची खरी रीत माहीत आहे, वडील कोणत्या शेतात कोणतं बियाणं पेरायचे हे काकांना ठाऊक आहे, पण ते विचारून घ्यायला आपल्याला सवड होत नाही. मग एक दिवस ते माणूस जातं, आणि आपण मोबाईलमधला त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावतो.

गंगावणे कुटुंबानं राखलं म्हणजे सगळं जसंच्या तसं धरून ठेवलं असंही नाही. जी माणसं रात्रभर देवळात बसायची तीच परत यावीत असा हट्ट त्यांनी धरला नाही. कार्यक्रम आटोपशीर केले. बाहुल्यांच्या तोंडी मुलींच्या शिक्षणाचे, व्यसनमुक्तीचे, स्वच्छतेचे विषय आणले. चित्रं कापडावर आली, शिबिरं भरू लागली. शाळेची मुलं आणि परदेशातले अभ्यासक अंगणात येऊन बसू लागले. रात्रभराचा जागर सोडला, पण पान उलटून गोष्ट सांगायची रीत सोडली नाही. यश म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पद्मश्री मिळाली ही आनंदाचीच गोष्ट. पण गुढीपूरला ज्यांनी पिढ्यानपिढ्या हुडूक वाजवला आणि ज्यांचं नाव कुठल्या यादीत आलं नाही, ती माणसं मला अयशस्वी वाटत नाहीत. त्यांच्यामुळेच पद्मश्री मिळालेल्या माणसापर्यंत ती कथा पोचली.

या मंडळींची आणखी एक रीत मला आवडते. सावंतवाडी संस्थानानं या कलांना आश्रय दिला होता. कोणत्या घराण्यानं कोणत्या गावच्या देवळात कला सादर करायची, हे ठरलेलं असे. पावसाळ्यात शेती, मग पिकं हातात आली की आपापल्या वाटणीच्या गावांचा फेरा. दुसऱ्याच्या वाटणीच्या देवळात जाऊन आपला पाट मांडायचा नाही. आज आपली निम्मी दुःखं दुसऱ्याच्या वाटणीत डोकावण्यातूनच येतात. चुलतभावानं बांधलं म्हणून आपणही स्लॅबचं घर बांधायचं, कर्ज काढून. शेजारणीच्या मुलीच्या लग्नात जेवढी पानं उठली तेवढी आपल्याकडेही उठली पाहिजेत. मग हप्ते फेडता फेडता रात्रीची झोप जाते. आमच्या मालवणी मुलखातली जुनी बाई सुनेला सांगते, ‘तुझ्या चुलीवर काय शिजता तां बघ गो.’ आपल्या वाटणीचं गाव ओळखावं आणि तिथं जीव ओतून काम करावं. मला तरी सुखाची याहून सोपी वाट सापडलेली नाही.

सुखाविषयीच आता थोडं बाहेरचं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली एक अभ्यास सुरू केला. विद्यापीठातले काही विद्यार्थी आणि बोस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली मुलं मिळून ७२४ जणांच्या आयुष्याची नोंद ठेवत गेले, अगदी म्हातारपणापर्यंत. तब्येत, नोकरी, लग्न, पैसा सगळं. शेवटी ठळकपणे दिसलं ते हे, की ज्यांची आपल्या माणसांशी नाती चांगली होती, ती माणसं जास्त सुखी होती आणि निरोगीही राहिली. पैसा आणि कीर्ती यांचा नंबर त्यानंतरचा. ऐंशीहून अधिक वर्षं चाललेल्या अभ्यासातून हे निघालं. आपल्याकडे संध्याकाळी देवळात भजनाला बसणाऱ्या बुवांना आणि पखवाजवाल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते रोज एकमेकांशेजारी बसत होतेच.

आणि इथंच मला आपल्या जिल्ह्याविषयी मनापासून बोलायचं आहे. सिंधुदुर्गात नाती कशानं तुटतात? बहुतेक वेळा जमिनीनं. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. सामायिक जमीन, वाटप झालेलं नाही. बांध दीड हात पुढे सरकला, पाणंद अडवली, काजूची दोन झाडं कुणाच्या हद्दीत यावरून वाद. आज्यानं दावा लावला, बापानं चालवला, नातू तारखांना जातोय. वकिलाची फी आणि एसटीचं भाडं मोजलं तर त्या तुकड्याची किंमत केव्हाच देऊन झालेली असते. त्या तुकड्यात पीकही कुणी घेत नाही, रान माजतं. न्यायासाठी लढूच नये असं मी म्हणत नाही. एखाद्या विधवेचा हिस्सा कुणी गिळत असेल तर तिच्या बाजूनं उभं राहायलाच हवं. पण जिथं दोन्हीकडे पोटाला पुरेसं आहे आणि भांडण केवळ हात-दीड हाताचं आहे, तिथं ते पाण्यात सोडायची हिंमत आपण का करू नये? भाऊ मात्र नवा करता येत नाही.

गणेश चतुर्थीचंच बघा. मूळ घरात गणपती एकच असतो. पण कितीतरी घरांत दोन भाऊ एकाच गणपतीपुढे वेगवेगळ्या वेळी आरती करतात, एकमेकांचं तोंड चुकवून. तुमच्या घरात असं असेल, तर एक काम करून बघा. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायच्या दिवशी, सुपारीचे शिपटे, कवंडळं, नारळ सगळं जमवून झालं की दोरी आवळायला त्या भावाला हाक मारा. माटवी एकट्यानं बांधता येत नाही, दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं. कोर्टाच्या तारखेबद्दल त्या दिवशी काही बोलू नका. ते नंतर, गणपती गेल्यावर, एखाद्या जाणत्या माणसाला मध्ये बसवून बोलता येईल. तलाठी आहे, भूमी अभिलेखचा मोजणीदार आहे, आपसात संमतीनं वाटप करून घेण्याची सोय कायद्यात आहे. आणि मुंबईहून आलेली मुलं घरात असतील, तर चतुर्थी झाल्यावर परतीच्या गाडीआधी त्यांना पिंगुळीला घेऊन जा. गुढीपूरला विचारलंत तर कुणीही वाट दाखवील. आख्यान लावायला सांगा, आणि पहिलं पान उलटेपर्यंत मुलांना तिथंच बसू द्या.